भेगेतलं मीठ

कंपनीने सरांना फसवलं. अर्धी माहिती हातात ठेवून त्यांच्याकडून पूर्ण मॉडेल करून घेतलं, आणि बोगद्यात पाणी घुसलं तेव्हा एक बोट सरांच्या मॉडेलकडे दाखवलं, दुसरं माझ्या रबराकडे. हे पहिल्यांदा लिहून टाकतो, कारण पुढे मी सरांच्या वेडेपणाच्या गोष्टी सांगणार आहे आणि त्या वाचून कुणी म्हणू नये, की माणूस जरा हललेलाच होता, त्याचं गणितही हललं असेल. सर हललेले होते, कबूल. गणित जागेवर होतं.

मी बोअर मारणारा. आजोबा निजामाच्या राज्यात शेती करायचे, वडील हैदराबाद शहरात येऊन अफझलगंजच्या गोदामांत पोती वाहायचे, आणि मी तिथेच जुन्या मोटारी खोलून सुटे भाग विकत वर आलो. आज बोअर मारायच्या स्वतःच्या रिग आहेत. कुणाच्या शिफारशीवर नाही. मला भाव करता येतो आणि माझा माल पक्का असतो, एवढ्यावर. माल पक्का असतो हे वाक्य जरा लक्षात ठेवा.

सर भूजलाचे. सरकारी खात्यात आयुष्य काढून निवृत्त झालेले, चिक्कडपल्लीत दुसऱ्या मजल्यावर राहणारे. घराणं पिढ्यान्‌पिढ्या नोकरी-वकिलीतलं. त्यांची मराठी पुस्तकातली, माझी बाजारातली. मला ते "बोअरवाले" म्हणत, आणि तरीही अहो-जाहो करत. माझी माणसं त्यांना दरारसाब म्हणत. दरार म्हणजे भेग. भेगेशिवाय या माणसाला दुसरं काही दिसतच नसे.

त्यांचा एक शब्द होता, "कुठून?" काहीही सांगा, ते विचारणार, कुठून? डोकं दुखतंय म्हटलं तर, कुठून? भाव वाढले म्हटलं तर, कुठून? माझा आवाज चढला की शांतपणे बघत आणि विचारत, "बोअरवाले, हा राग कुठून आला?" त्यावर माझा राग आणखी कुठून कुठून यायचा ते विचारू नका.

एकदा आम्ही कोठी भागात कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहा घेत होतो. संगमरवरी टेबल, जुनं, सगळं तडकलेलं. सरांनी आपला चहा बशीत ओतला आणि बशीतून टेबलावर. सावकाश. वेटर धावत आला, "अरे चच्चा, ये क्या कररें!" सरांनी त्याला हाताने थांबवलं आणि मला म्हणाले, "बघा. भेगा किती आहेत? जाळं आहे जाळं. चहा कितींतून जातोय?"

एकीतून जात होता. बाकी सगळ्या कोरड्या. ती एक बारीकशी भेग टेबलाच्या कडेला पोचत होती आणि तिथून चहा थेट माझ्या पँटवर गळत होता.

"आता या टेबलाची सरासरी काढा," सर म्हणाले. "सरासरी सांगेल, टेबल जवळजवळ कोरडं आहे. तुमची पँट काय सांगते?"

हैदराबादचा दगड म्हणजे हेच टेबल, असं ते म्हणत. ग्रॅनाइट स्वतः पाणी पीत नाही. त्यात भेगा हजार, पण पाणी जातं एखाद्या-दोघींतून. कुठल्या, ते वरून दिसत नाही. बोगदा खणायचा असेल तर ती एक भेग कुठे आडवी येणार एवढंच कळायला हवं. बाकीचं सगळं कळून उपयोग नाही.

आणि त्या बशा. सुलतान बाजारातल्या एका भांड्यांच्या दुकानात सर तडकलेल्या बशा घ्यायला जात. चांगल्या नव्हे, तडकलेल्याच. दुकानदार मागून काढून आणायचा आणि चांगल्या बशीचा भाव सांगायचा, आणि सर तो द्यायचे! मी पहिल्यांदा बरोबर होतो तेव्हा माझ्या पोटात आगच पडली.

"अहो सर, फुटक्या बशीला पूर्ण पैसे? हा फेकणार होता ती!"

"मला तडा हवाय, बोअरवाले. तडा याच्याकडे चांगला आहे. बशी त्याला ठेवून घे म्हणा हवी तर."

दुकानदार माझ्याकडे बघून हसला. त्याला मी काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. सर बाहेर आल्यावर म्हणाले, "तुम्ही भाव करता तेव्हा घाबरलेले असता, हे तुम्हाला माहीत आहे का?" मी त्यांना तिथेच सोडून दुकान गाठलं.

घरी त्या बशा ते शाईत बुडवत, पुसत, आणि तड्यात शाई कुठवर गेली ते भिंगाने बघत. बाहेरच्या खोलीत त्यांचा कॉम्प्युटर होता. त्याच्यासमोर टेबलफॅन. कॉम्प्युटरच्या आत बोगदा होता, आणि बोगद्याभोवती भेगा, पातळ चकत्या तिरप्या-तारप्या खोचून ठेवाव्यात तशा. दगडाच्या पोटातल्या भेगा कुणाला दिसत नाहीत, म्हणून सर कॉम्प्युटरला सांगत, अशा मांडून बघ, आता तशा मांडून बघ, आणि प्रत्येक वेळी पाणी सोडून बघ, बोगद्यात कुठून येतं. ते आकडेमोडीचं काम दिवसच्या दिवस चाले. तेवढे दिवस घरात मिक्सर बंद, इस्त्री बंद, फ्यूज उडाला तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

"आमच्याकडे चटणी मॉडेलला विचारून व्हायची, भाऊ," काकू मला म्हणाल्या. काकू म्हणजे सरांच्या मिसेस. "मुलगी बाळंतपणाला आली होती तेव्हाही हेच. तिला म्हणाले, जरा थांब, पाणी पोचतंय."

"कुठून?" आतून सरांचा आवाज आला.

"माझ्या डोळ्यांतून!" काकू म्हणाल्या.

आता ते माझ्याकडे पहिल्यांदा कसे आले ते सांगतो.

शहराला प्यायचं पाणी आणायला बाहेरच्या एका टेकडीतून बोगदा निघणार होता. बोगद्याच्या रेषेवर तपासणीचे बोअर मारायचं काम बोगदा खणणाऱ्या कंपनीने मला दिलं होतं. बोअर मारल्यावर दगडातून पाणी किती जातं ते बघतात. त्यासाठी बोअरमध्ये वर एक आणि खाली एक अशी रबराची नळकांडी उतरवायची. हवेने फुगवली की ती बोअरच्या भिंतीला घट्ट बसतात आणि मधला तुकडा बंद होतो. त्या तुकड्यात दाबाने पाणी सोडायचं. दगड अखंड असेल तर पाणी जात नाही, दाबाचा काटा वर चढतो. भेग असेल तर पाणी जातं, काटा कमी चढतो. मग थोडं खाली सरकायचं, पुन्हा तेच.

एका बोअरमध्ये एका जागी काटा चढलाच नाही. खाजा माझा जुना रिगवाला. त्याने पंप पूर्ण सोडला. "सेठ, पीताच जारा, पीताच जारा. पेट है की कुआँ है ये?" कंपनीचा माणूस सावलीत बसून आकडे लिहीत होता. त्याने तिथूनच विचारलं, काटा चढला का? खाजा म्हणाला, नै चढा. संपलं. रबर फाटकं, चाचणी नापास. उठून बघितलंसुद्धा नाही. मी तिथे जाऊन किती ओरडलो ते आख्ख्या टेकडीने ऐकलंय. उत्तर म्हणून पुढच्या बोअरचं काम माझ्याकडून काढून घेतलं. बाजारात गोष्ट पसरली, याचं रबर फाटकं असतं.

अशा दिवसांत एका दुपारी माझ्या दुकानात एक उंच, हडकुळे गृहस्थ आले. डोक्यावर साइटवरचं पिवळं हेल्मेट. चिक्कडपल्लीहून सिटीबसने हेल्मेट घालून आले होते. हातात धरलं तर एक हात अडकतो, असं नंतर कळलं.

"तुमचं रबर बघायचंय," ते म्हणाले.

मी गल्ल्यावरून उठलोच. "कंपनीने पाठवलं?"

"नाही. कंपनीला कळलं तर रागावतील."

"मग निघा इथून. आता रस्त्यावरचं कुणीही उठून माझं रबर बघायला येणार का? तमाशा आहे का हा?"

ते निघाले नाहीत. म्हणाले, "तुमच्या बोअरचा एक तुकडा मला सापडत नाही. वरचा दगड आहे, खालचा आहे. मधला दगड कुठे गेला?"

कंपनीने त्यांना सांगितलं होतं, तिथे उपकरण बिघडलं होतं, तुम्ही वरच्या-खालच्या दगडाचा आकडा घ्या. सरांनी घेतला, मॉडेल केलं, सही करून दिलं. आणि मग त्यांना चैन पडेना.

मी म्हणालो, "मधल्याची टेस्ट फेल लिहिली त्यांनी. काटा चढला नाही म्हणून."

"किती चढला नाही?"

"अजिबात नाही. पंप फुल्ल होता. पाणी पीतच गेलं."

सर दुकानाच्या पायरीवर खाली बसले. हेल्मेट काढून मांडीवर घेतलं. डॉक्टरने आत बोलावून दार लावावं तसा चेहरा झाला त्यांचा. मला वाटलं ऊन लागलं. मी पाणी मागवलं, त्यांनी ते पायरीवर ठेवून दिलं.

"रबर फुगवा," ते म्हणाले.

आम्ही ते लोखंडी पाइपात घालून फुगवलं आणि पाणी सोडलं. सर पाइपावर हात ठेवून बसले, लहान मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा. गिऱ्हाइकं आली, गेली. अफझलगंजचे हमाल वाकून बघून गेले. पाइप कोरडा राहिला. काटा वर चढला आणि तिथेच टिकून राहिला.

"बोअरवाले," सर म्हणाले, "तुमच्या बोअरमध्ये नापास झालेली ती एकच चाचणी आहे. आणि त्या सगळ्या टेकडीत पास झालेलीही ती एकच आहे."

मला अर्थ कळला नाही. माझं रबर चांगलं निघालं एवढ्याने मी खूश होतो. त्यांनी बशीत पाणी घेऊन समजावलं. पंपाला दाब धरता आला नाही, कारण आत दोन रबरांच्या मधोमध ती भेग होती, एक, मोठी, पंप देईल तेवढं पिणारी. बोगदा तिच्यातून जाणार होता. आणि सरांच्या मॉडेलमध्ये त्या जागी अखंड दगड होता. सरांच्या सहीचा.

त्यानंतर मी सरांना कधी नीट बसलेलं पाहिलं नाही. जेवताना मध्येच उठायचे. रस्त्याने जाताना पाण्याची गळकी पाइपलाइन दिसली की बघत उभे राहायचे. काकू मला म्हणाल्या, "भाऊ, यांना काय झालंय? चटणी वाट म्हणाले काल. स्वतःहून." मॉडेल बंद होतं म्हणून. घरातला मिक्सर चालू झाला याची त्या बाईला भीती वाटली.

सरांना ती भेग कुठून कुठे जाते ते बघायचं होतं. मी म्हणालो, कसं बघणार? ते म्हणाले, मीठ.

मिठाचा भाव मीच केला. तो एक सौदा सरांच्या हाती पडू दिला नाही. पोतंभर मीठ पाण्यात कालवून आम्ही त्या बोअरमध्ये, दोन रबरांच्या मध्ये, दाबाने सोडलं. कंपनीची परवानगी नव्हती. बोअर माझा होता, रबर माझं होतं. खाजा पंपावर होता आणि बडबडत होता, "दरारसाब, पहाड का अचार डालरें क्या?" टेकडीच्या उतारावर एक वस्ती आहे, दगड फोडणाऱ्यांची. तिथे मल्लम्मा नावाच्या बाईची विहीर होती. तिच्या सासऱ्याने दगडात खोदलेली, कधी न आटलेली. सगळी वस्ती तिथून भरायची, आणि मल्लम्मा काठावर बसून कुणी किती घागरी भरायच्या ते ठरवायची. सर तिच्या विहिरीत दोर सोडून पाणी मोजायचे. ती म्हणायची, "सारू, पानी बढता क्या तुम देखे तो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोचलो तर मल्लम्मा रस्त्यातच उभी. हातात चहाचा ग्लास.

"चाय में उप्पु कौन डाला?" ती ओरडली. उप्पु म्हणजे मीठ. "मेरा दूध फट गया. पूरी बस्ती की चाय खारी! कौन डाला बोलो!"

सरांनी तिच्या हातातून ग्लास घेतला आणि चहा प्यायले. डोळे मिटून. मग ग्लास खाजाला दिला, खाजाने मला. खारट होता. थोडासा, पण नक्की.

मला वाटलं सर आनंदाने उडी मारतील. त्यांनी ग्लास परत मागून घेतला आणि उरलेला चहा रस्त्यावर ओतून टाकला. टेकडीवरच्या बोअरमधलं मीठ रात्रीत मल्लम्माच्या चहात आलं होतं. म्हणजे भेग विहिरीपर्यंत पोचत होती. म्हणजे बोगद्याने ती भेग फोडली की बोगद्यात फक्त पाणी येणार नव्हतं. मल्लम्माची विहीर येणार होती.

"सारू, क्या हुआ? जहर है क्या?" मल्लम्माने घाबरून विचारलं.

"नाही, अम्मा. मीठच आहे," सर म्हणाले. मराठीत. ती समजली.

विहिरीचं पाणी बाटलीत भरून आम्ही कंपनीच्या ऑफिसात गेलो. मॅनेजर तरुण, गोड बोलणारा, एसीत बसलेला. सरांनी बाटली त्याच्या टेबलावर ठेवली. "थोडं पिऊन बघा."

"सर, मी बाहेरचं पाणी पीत नाही," तो हसून म्हणाला.

सरांनी सगळं सांगितलं. खूप हळू, एकेक पायरी. मॉडेल परत घेतो, ती भेग घालतो, नव्याने करून देतो. तोवर सुरू झालेलं खोदकाम थांबवा. किंवा निदान पुढे लांब भोक मारून पाणी आहे का बघा, असलं तर आधी सिमेंट भरून भेग बुजवा, मग पुढे जा.

"सर, मॉडेल फ्रीज झालंय, आता बदलता येत नाही. वर गेलंय. आता त्यात भेग घातली तर आधी का नव्हती विचारतील."

"मीही तेच विचारतोय," सर म्हणाले. "का नव्हती?"

"टेस्ट फेल होती. यांचं रबर फाटकं होतं." त्याने माझ्याकडे न बघता माझ्याकडे हात केला.

रबर मी बरोबर नेलं होतं. हातपंपही. मी ते त्याच्या गालिच्यावर ठेवून फुगवायला लागलो. शिपाई धावले. मी म्हणालो, "हात लावून बघ. जरा जरी हवा गेली तर मी धंदा सोडतो. नाही गेली तर तू लिहून दे, माझं रबर चांगलं होतं." तो फोनवर बोलायला लागला.

मग मी माझं हत्यार काढलं, भाव. म्हणालो, पुढचं भोक मी मारून देतो. त्याने विचारलं, कितीला? मी म्हणालो, फुकट. आयुष्यात हा शब्द मी धंद्यात पहिल्यांदा उच्चारला. डिझेल माझं, माणसं माझी, फुकट. त्याने फोन खाली ठेवला. मला वाटलं सौदा बसला.

"भोक मारायला खोदकाम थांबवावं लागेल ना," तो म्हणाला. "तेच तर परवडत नाही."

जी गोष्ट फुकट देऊनही कुणी घेत नाही, तिची त्याला भीती वाटत असते. हे मी त्या दिवशी शिकलो. जिना उतरताना सर म्हणाले, "तुम्ही आज पहिल्यांदा न घाबरता भाव केलात." मी म्हणालो, "सर, आज पहिल्यांदाच घाबरलो होतो."

कारण खाजा बोगद्याच्या आत होता. माझं काम काढून घेतल्यावर माझ्याकडे रिग उभ्या होत्या. त्याला घर चालवायचं होतं. त्याने बोगद्यातच ड्रिल चालवायचं काम धरलं होतं, मिठाच्या वेळी तो सुट्टी काढून आला होता. मी जाऊ नको म्हणालो. तो म्हणाला, "सेठ, तुम पानी से डरो, मै तो भूक से डरतूं."

मग वाट बघणं सुरू झालं. बोगदा रोज थोडा पुढे. सर रोज सकाळी बस बदलून टेकडीवर. बोगद्याच्या तोंडाशी कडेने गटार काढलेलं होतं, आतलं झिरपणारं पाणी बाहेर आणायला. सर त्या गटाराशी उकिडवे बसत, हेल्मेट घालून, बोटाने पाण्याचा वेग बघत. गार्ड त्यांना हाकलायचे, ते जरा पलीकडे जाऊन बसायचे. मग विहिरीवर. मल्लम्मा आता थट्टा करत नसे. दोर वर आला की त्यांच्या तोंडाकडे बघायची. खाजा शिफ्ट संपवून बाहेर आला की सर त्याला धरून विचारायचे, "ओल होती? कुठून?" खाजा म्हणायचा, "सूखा है साब, एकदम सूखा," आणि सरांचा चेहरा आणखी उतरायचा. सगळा दगड कोरडा म्हणजे पाणी सगळं एकाच जागी. माझा फोन वाजला की मी हातातला घास खाली ठेवायचो. बायको म्हणाली, तुमच्या घशात काय अडकलंय? मी म्हणालो, टेकडी.

एका दुपारी आतला सुरुंग उडाला, धूर बाहेर आला, आणि धुरामागून पाणी. गटार क्षणात भरून वाहिलं. मग रस्ताच वाहायला लागला. माणसं पळत येत होती, चप्पल नाही, हेल्मेट नाही, "नीळ्ळु! नीळ्ळु!" ओरडत. पाणी, पाणी. मी प्रत्येकाचं तोंड बघत होतो. चिखलाने सगळे सारखेच दिसत होते. खाजा शेवटच्यांत आला, दोघांच्या खांद्यांवर. गुडघा मशिनाखाली चिरडला होता.

सर धावत गेले. मला वाटलं, तब्येत विचारतील. ते खाजाजवळ वाकले आणि त्यांच्या तोंडून एकच शब्द निघाला.

"कुठून?"

मला त्यांना मारावंसं वाटलं. खरंच. पण खाजा हसला. दुखण्याने तोंड वाकडं होत असताना हसला आणि बोट वर करून दाखवलं, एकच बोट. "एकीच दरार साब. उंगली जितनी. बाकी पूरा पत्थर सूखा."

सर तिथेच चिखलात बसून रडले.

मल्लम्माच्या विहिरीचं पाणी उतरत गेलं. आधी दगडाची ओली रेघ दिसली, मग तळ, मग तळातला एक फुटका हंडा, जो तिच्या सासूच्या हातून पडला होता म्हणे. आता वस्तीत टँकर येतो, आला तर. मल्लम्मा अजून त्या काठावरच बसते. घागरींचा हिशेब ठेवायला काही उरलं नाही.

चौकशी झाली. मॅनेजरने सांगितलं, मॉडेलचा अंदाज चुकला. एका बोअरची चाचणी सदोष उपकरणामुळे मिळाली नाही. सगळं असं गुळगुळीत, एकही भेग नाही. सर उभे राहून लढतील म्हणून मी तयारीने गेलो होतो, रबर घेऊन. सर म्हणाले, "सही माझी आहे."

"अहो पण माहिती त्यांनी दडवली!"

"मला एक तुकडा दिसत नव्हता. सही करण्याआधी मी तुमच्याकडे यायला हवं होतं. बस चिक्कडपल्लीहून थेट येते."

मी त्यांच्यावर ओरडलो. त्यांच्या घरात, काकूंसमोर. म्हणालो, तुम्ही असे गप्प बसता म्हणून हे असे माजतात. त्यांनी विचारलं नाही, हा राग कुठून आला. पहिल्यांदाच विचारलं नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटली. समोर फळीवर तडकलेल्या बशा ओळीने लावलेल्या होत्या.

आता ते मुलीकडे नागपूरला राहतात. काकू म्हणतात, तिथे मिक्सर कधीही लावता येतो. खाजा माझ्या दुकानात बसतो, पाय लांब करून, आणि गिऱ्हाइकांना भाव माझ्यापेक्षा चढा सांगतो. सर अधूनमधून फोन करतात. कसे आहात वगैरे नाही. "दुसरा कुठवर आला?"

दुसरा म्हणजे दुसरा बोगदा. पहिल्याला समांतर, त्याच टेकडीतून, जरा खालून. मशिनं येऊन उभी आहेत. खाजाचे जुने सोबती आत उतरणार आहेत. मी चौकशी केली. जुनंच मॉडेल वापरतायत. त्यात त्या जागी अजून अखंड दगड आहे.

म्हणून हे लिहिलं. मला माझं काम परत नको, भरपाई नको. पाणी किती आलं, नुकसान किती झालं, ते तुम्ही कंपनीवाले आणि चौकशीवाले आपसांत बघा. मला एवढंच सांगा, ती चाचणी नापास कुणी ठरवली? सावलीत बसलेल्या माणसाने, की त्याला सावलीत बसवणाऱ्याने? त्याचं नाव हवंय मला, दुसऱ्या बोगद्यात पहिला सुरुंग लागायच्या आधी. माझं रबर दुकानात दारालाच टांगलेलं आहे. ज्याला अजून फाटकं म्हणायचं असेल त्याने यावं, स्वतःच्या हाताने फुगवून बघावं, मग खाजाच्या समोर त्या पायरीवर बसावं, जिथे सर बसले होते, आणि उत्तर द्यावं.